अक्षरे लहानमोठी होताना

भ्रमणध्वनीवरील बँकिंग ॲपमध्ये पैसे पाठविण्याचे पान उघडले की बहुधा एक रिकामी चौकट दिसते आणि तिच्यात 'रक्कम' हा शब्द फिकट अक्षरांत लिहिलेला असतो. चौकटीला बोट लागताच तो शब्द लहान होत वरच्या कडेला जाऊन बसतो आणि आकडे लिहिण्यासाठी जागा मोकळी होते. हे सारे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरकते. बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही, आणि लक्ष न जाणे हेच त्या रचनेचे यश होय.

तोच शब्द एका जागी नाहीसा होऊन दुसऱ्या जागी अचानक उमटला, किंवा जाता जाता थरथरला, तर मात्र डोळा अडखळतो. आताच येथे होता तो शब्द कोठे गेला, वर आला तो तोच की दुसरा, हे ठरविण्यात क्षणभर जातो. तरुण, सरावलेल्या माणसास हा क्षण जाणवतही नाही. परंतु वयाची सत्तरी ओलांडलेल्या आणि नुकताच भ्रमणध्वनीवरून व्यवहार करू लागलेल्या खातेदाराच्या मनात त्याच क्षणी शंका उभी राहते: 'काही चुकले तर नाही ना?' पडद्यावरील अक्षरांचे आकारमान सहजपणे बदलावे कसे, हा प्रश्न म्हणूनच केवळ सजावटीचा नाही. वाचणाऱ्याची नजर मजकुरावरून सुटू न देण्याचा तो प्रश्न आहे.

शून्ये मोजणारी नजर

या प्रश्नाचे गांभीर्य सर्वाधिक जाणवते ते रकमेच्या चौकटीत. अनेक ॲपमध्ये रक्कम ठळक, मोठ्या अक्षरांत दिसते. आकडे वाढत गेले की ती एका ओळीत मावावी म्हणून अक्षरे लहान केली जातात. समजा, ग्राहकाने १०,००० लिहिले आणि आणखी एक शून्य दाबले. आता पडद्यावर १,००,००० दिसू लागेल. येथे एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या. नवा अंक आला. आपल्या लाख-कोटींच्या पद्धतीनुसार स्वल्पविराम आपल्या जागेवरून हलले आणि एकाचे दोन झाले. त्यातच अक्षरांचे आकारमानही घटले. पाच अंक व एक स्वल्पविराम अशा सहा चिन्हांच्या जागी आता आठ चिन्हे आहेत आणि ती सारी नव्या जागी आहेत.

हा बदल एका झटक्यात झाला, तर शून्ये मोजत असलेल्या नजरेला पुन्हा पहिल्यापासून मोजणी करावी लागते. दहा हजार आणि एक लाख यांतील अंतर एका शून्याचे असले, तरी खातेदाराच्या दृष्टीने ते नव्वद हजार रुपयांचे असते. याउलट, अंक व स्वल्पविराम तत्काळ आपल्या जागी आले आणि त्यानंतर संपूर्ण संख्या एकसंधपणे आक्रसत गेली, तर नजर तिच्याबरोबर राहते.

येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी लागते. बदल हळूहळू व्हावा तो केवळ दिसण्यात, मूल्यात कधीही नव्हे. शून्यापासून धावत जाऊन शेवटच्या रकमेवर थांबणारे आकडे जाहिरातीत शोभतील. खात्यातील शिल्लक दाखविताना मात्र मधल्या प्रत्येक क्षणी पडद्यावर चुकीची रक्कम असते, आणि हिशेबाच्या पानावर क्षणभरही चुकीची रक्कम असू नये.

खिळ्यांपासून बिंदूंपर्यंत

अक्षर लहानमोठे करणे आज सोपे वाटते, परंतु छपाईच्या इतिहासात दीर्घकाळ ते शक्यच नव्हते. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली स्थापन केलेला निर्णयसागर छापखाना देवनागरीच्या सुबक खिळ्यांसाठी नावाजला गेला. त्या काळी एखादे अक्षर मोठे हवे असेल, तर त्याचा मोठा ठसा स्वतंत्रपणे कोरून नवे खिळे ओतावे लागत. धातूचा खिळा ताणून मोठा होत नसे. मात्र या मर्यादेतून एक लाभही झाला. लहान आकारमानाचे अक्षर कोरताना कारागीर त्याच्या पोटातील मोकळी जागा थोडी वाढवीत आणि रेघा किंचित जाड ठेवीत, जेणेकरून बारीक छपाईतही ते वाचता यावे. लहान अक्षर म्हणजे मोठ्या अक्षराची नुसती छोटी प्रत नव्हे, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

संगणकाने हे चित्र पालटले. १९८४ मधील ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्टने आणि १९९१ मधील ॲपलच्या ट्रूटाइपने अक्षराची बाह्यरेषा गणिती वक्रांच्या स्वरूपात साठविण्याची पद्धत रूढ केली. एकच आराखडा कोणत्याही आकारमानात वापरता येऊ लागला. तथापि पडदा हा बिंदूंचा, म्हणजे पिक्सेलचा बनलेला असतो. वक्रांचा आराखडा या बिंदूंच्या जाळीवर उतरविणे हे काम प्रत्येक अक्षरासाठी आणि प्रत्येक आकारमानासाठी वेगळे करावे लागते. एकदा उतरविलेली अक्षरे यंत्र आपल्या स्मृतीत जपून ठेवते, म्हणून स्थिर मजकूर दाखविणे त्याला सोपे जाते. आकारमान बदलू लागले की ही जपलेली शिदोरी उपयोगी पडत नाही.

सरळ वाट आणि तिच्यातील खड्डे

भ्रमणध्वनीचा साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटला जातो. प्रत्येक चित्रासाठी यंत्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. सेकंदाला १२० आवर्तने करणाऱ्या पडद्यावर हा अवधी ८.३ मिलिसेकंदांवर येतो. २०० मिलिसेकंदांत 'रक्कम' या शब्दाचे आकारमान १६ वरून १२ वर आणायचे असेल, तर ६० आवर्तनांच्या पडद्यावर त्यासाठी १२ चित्रे लागतील.

सर्वांत सरळ उपाय असा की प्रत्येक चित्रात अक्षरांचे आकारमान थोडे थोडे कमी करावे. प्रत्यक्षात या वाटेवर तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा श्रमाचा. आकारमान बदलले की यंत्र प्रत्येक अक्षर पुन्हा जाळीवर उतरविते, त्याची रुंदी मोजते, ओळ कोठे तुटेल ते ठरविते आणि भोवतालची चौकट, खालचे बटण, शेजारचा मजकूर यांच्या जागाही पुन्हा ठरविते. स्वस्त भ्रमणध्वनीस हे काम ठरलेल्या अवधीत उरकत नाही. मग काही चित्रे गळतात आणि हालचाल धक्के खात पुढे सरकते.

दुसरा खड्डा थरथरण्याचा. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून काही यंत्रणा त्यांच्या रेघा व रुंदी पूर्ण बिंदूंवर बसवितात. एखाद्या अक्षराची रुंदी ८.६ बिंदू भरत असेल तर ती ९ धरली जाते आणि ८.४ वर आली की ८ होते. शब्दातील प्रत्येक अक्षर हा उंबरठा वेगवेगळ्या क्षणी ओलांडते. परिणामी शब्द एकसंधपणे आक्रसण्याऐवजी त्यातील अक्षरे एकमेकांपासून मागेपुढे सरकताना दिसतात.

तिसरा खड्डा ओळ तुटण्याचा. 'आपल्या बचत खात्यातील उपलब्ध शिल्लक' हे शीर्षक मोठ्या अक्षरांत दोन ओळी व्यापत असेल आणि लहान अक्षरांत एकाच ओळीत मावत असेल, तर मध्येच एका क्षणी खालच्या ओळीतील शब्द टुणकन वर उडी घेतो. त्याखालील सर्व मजकूर एक ओळ वर सरकतो. ग्राहकाचे बोट त्याच वेळी एखाद्या बटणाकडे निघालेले असेल, तर ते भलत्याच जागी पडण्याचा धोका उत्पन्न होतो.

मोजणी एकदा, रेखाटन अनेकदा

या तिन्ही अडचणींवरचा उपाय एका तत्त्वात सामावला आहे: मजकुराची मोजणी व मांडणी एकदाच करावी आणि मधल्या काळात केवळ त्याचे चित्र लहानमोठे करावे. शब्द १६ आकारमानात एकदा मांडला की पुढील प्रत्येक चित्रात तो अनुक्रमे ९७, ९४, ९१ टक्के अशा प्रमाणात दाखवायचा आणि ७५ टक्क्यांवर, म्हणजे १२ वर, थांबवायचा. अक्षरांतील परस्पर अंतर सर्वत्र सारख्याच प्रमाणात घटते, त्यामुळे थरथर नाही. ओळ पुन्हा मोजली जात नाही, त्यामुळे उडी नाही. हे काम यंत्रातील चित्ररेखाटनासाठी असलेला स्वतंत्र भाग सहज पेलतो, त्यामुळे श्रमही थोडे.

गुगलने २०१४ मध्ये 'मटेरियल डिझाइन' ही रचनापद्धती जाहीर केली आणि २०१५ मध्ये तिचे घटक अँड्रॉइडवरील ॲप बनविणाऱ्यांना उपलब्ध करून दिले. आरंभी वर्णिलेली, आत लिहिलेला शब्द वर सरकविणारी चौकट त्यांतीलच एक. तिच्या आतील कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. ती शब्दाचे मूळ आकारमान कायम ठेवून रेखाटनाची पाटीच लहानमोठी करते. हालचाल चालू असेपर्यंत अक्षरांची रुंदी पूर्ण बिंदूंवर न बसविता सरळ प्रमाणात मोजावी, अशी सूचनाही ती देते. प्रमाण पुन्हा मूळ पदावर आले की ती सूचना मागे घेतली जाते आणि अक्षरे नेहमीच्या रेखीवपणाने उमटतात. २०१३ मधील अँड्रॉइड ४.३ च्या आधीच्या भ्रमणध्वनींना अशा रीतीने अक्षरे मोठी करणे नीट साधत नसे. त्यांच्यासाठी शब्दाचे आधी चित्र तयार करून तेच ताणण्याची पर्यायी सोयही या घटकात करण्यात आली होती.

चित्र ताणण्यात एक दोष राहतो. लहान चित्र ताणून मोठे केले की ते पुसट होते, जसे पासपोर्ट आकाराचे छायाचित्र भिंतीवर लावण्याजोगे मोठे केल्यावर व्हावे. म्हणून मोठ्या आकारमानात रेखाटून ते लहान करीत आणणे श्रेयस्कर. आणि हालचाल संपताच अखेरच्या आकारमानात मजकूर खऱ्याखुऱ्या अक्षरांत पुन्हा रेखाटणे आवश्यक. हा शेवटचा टप्पा विसरला गेला की सारे ॲप काहीसे धूसर भासते आणि ग्राहक आपल्या चष्म्यास दोष देत राहतो.

ओळींची संख्याच बदलणार असेल, तर ताणण्याचा हा उपाय अपुरा ठरतो. तेथे आरंभीच्या व अखेरच्या अशा दोन्ही मांडण्या आधीच तयार ठेवून एक विरत जाताना दुसरी उमलू द्यावी लागते. ॲपलने २०१७ मधील आयओएस ११ मध्ये पानांच्या मोठ्या शीर्षकांसाठी याच धर्तीची वाट निवडली. पान वर सरकविले की ३४ आकारमानाचे मोठे शीर्षक मजकुरासोबत वर निघून जाते आणि वरच्या पट्टीत १७ आकारमानाचे छोटे शीर्षक उमटते. एकच शब्द आक्रसण्याऐवजी दोन शब्दांची शांतपणे अदलाबदल होते. कोणती रीत कोठे वापरावी याचा निकष एकच: बदल संपल्यावर 'हा तोच मजकूर' हे वाचणाऱ्यास न सांगता कळले पाहिजे.

देवनागरीची निराळी मागणी

रोमन लिपीसाठी तयार झालेल्या युक्त्या देवनागरीत जशाच्या तशा चालत नाहीत. प्रथम शिरोरेषेचा विचार करावा. ही रेषा शब्दातील अक्षरांना बांधून ठेवते. आकारमान बदलताना तिची जाडी पूर्ण बिंदूंवर बसविली गेली, तर ती एका क्षणी दोन बिंदूंची असते आणि पुढच्याच क्षणी एका बिंदूची होते. शब्दावरचे छप्पर एकाएकी पातळ झाल्यासारखे दिसते. अक्षरांतील अंतर पूर्णांकात बसविले तर शिरोरेषेत बारीक फटी पडतात. म्हणून बदल चालू असताना सरळ प्रमाणाची रीत देवनागरीसाठी अधिकच आवश्यक ठरते.

दुसरी बाब उंचीची. रोमन अक्षरांपुरती चौकट आखली की देवनागरीतील वरचे रफार, मात्रा, अनुस्वार आणि खालचे उकार कापले जाण्याची भीती असते. 'कर्ज' या शब्दावरील रफार छाटला गेला तर 'कज' उरतो. मोठ्या आकारमानातील पूर्ण उंचीची जागा आधीच राखून ठेवणे हाच यावरचा उपाय.

तिसरी बाब सर्वांत नाजूक. शब्दातील अक्षरे एकामागून एक मोठी करण्याची हौस काही ॲपमध्ये दिसते. रोमन शब्द सुटा करून असे करता येते. 'शिल्लक' हा शब्द मात्र संगणकात सहा संकेतांनी साठविलेला असतो: श, वेलांटी, ल, हलन्त चिन्ह, ल आणि क. वाचणाऱ्यास दिसतात ती तीनच अक्षरे: शि, ल्ल, क. साठवणीत श नंतर येणारी ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर श च्या आधी काढली जाते. संकेतांनुसार शब्द फोडला, तर वेलांटी एकटी पडते, जोडाक्षर तुटून पायमोडका ल दिसू लागतो आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. यास्तव देवनागरी शब्द एकसंधच हलवावा.

निर्णयसागरच्या काळातील जाण येथे पुन्हा उपयोगी पडते. प्रमाणात लहान केलेले अक्षर अखेरच्या आकारमानात किरटे दिसू शकते. ॲडोबी, ॲपल, गुगल व मायक्रोसॉफ्ट यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये मिळून जाहीर केलेल्या परिवर्तनशील फॉन्टच्या तंत्रात एकाच फॉन्टमध्ये रेघांची जाडी व रुंदी सलगपणे बदलता येते. आकारमान घटत असताना रेघा किंचित जाड करीत नेणे त्यामुळे साध्य झाले. ठसे कोरणाऱ्या कारागिराचे कसब अशा रीतीने गणितात उतरले आहे.

गती किती आणि कशी

बदल किती वेळ चालावा, याबरोबरच तो कोणत्या चालीने व्हावा हेही महत्त्वाचे. निसर्गात कोणतीही वस्तू एका क्षणी पूर्ण वेगाने धावू लागत नाही आणि एका क्षणी थबकत नाही. डिस्नेच्या चित्रपटांचे कलावंत फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात चित्रचलनाची बारा तत्त्वे मांडली. त्यांत सावकाश सुटणे आणि सावकाश थांबणे हे एक तत्त्व आहे.

पडद्यावर हे साध्या गणिताने साधते. उरलेल्या वेळेच्या अंशाचा घन करून तो एकातून वजा केला की किती बदल पूर्ण व्हावा ते मिळते. निम्मा वेळ गेला असता उरलेला अंश अर्धा. त्याचा घन एक अष्टमांश. म्हणजे निम्म्या वेळातच सात अष्टमांश बदल उरकलेला असतो. १६ वरून १२ कडे निघालेला शब्द तोवर १२.५ वर पोहोचतो आणि उरलेला अर्धा अंक अलगद उतरतो. बोट लावताच ॲपने दाद दिली असे ग्राहकास वाटते, आणि शब्द थांबतानाही झटका बसत नाही.

ग्राहकाने मध्येच विचार बदलला तर काय, हेही पाहावे लागते. शब्द अर्ध्या वाटेवर असताना चौकटीबाहेर बोट लागले, तर त्याने असेल त्या आकारमानावरून मागे वळावे. आधी शेवटापर्यंत जाऊन मग परत फिरणारे किंवा उडी मारून मूळपदावर येणारे ॲप ग्राहकाचे ऐकत नसल्यासारखे भासते. हालचाल चालू असताना लिहिलेला एकही अंक गळता कामा नये, हे तर सांगणेच नको.

ज्यांना हालचाल सोसत नाही

काही व्यक्तींना पडद्यावरील हालचालीने भोवळ येते किंवा मळमळते. अंतर्कर्णाच्या विकारात हे विशेष आढळते. त्यांच्यासाठी आयफोन व अँड्रॉइड या दोन्हींत हालचाल कमी करण्याची सोय आहे. ती निवडलेली असेल तर चांगले ॲप मजकूर थेट अखेरच्या आकारमानात दाखविते. दृष्टिहीन ग्राहकांसाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला मधल्या आकारमानांशी कर्तव्य नसते. तिला शब्द व रक्कम एकदाच आणि अचूक मिळायला हवी.

अक्षरे कायमची मोठी करून वाचणारा वर्ग तर फार मोठा आहे. ॲपलने २०१३ मधील आयओएस ७ मध्ये ग्राहकाच्या पसंतीनुसार ॲपमधील अक्षरे मोठी होण्याची सोय केली. २०२३ मधील अँड्रॉइड १४ मध्ये ती मर्यादा २०० टक्क्यांपर्यंत गेली. आधीच मोठी असलेली शीर्षके त्या मानाने कमी वाढावीत, अशी योजनाही त्यात आहे. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही अक्षरे दुप्पट केली असता आशय व उपयोग यांत उणेपणा येऊ नये, असा निकष आहे. ग्राहकाने निवडलेले हे आकारमान हालचालीच्या दोन्ही टोकांना लागू झाले पाहिजे. आरंभी मोठा दिसणारा शब्द वर सरकताच वाचता न येण्याइतका बारीक झाला, तर हालचाल कितीही सहज असली तरी व्यर्थच.

आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार माहिती तंत्रज्ञानाच्या सेवा सुलभ असणे अपेक्षित आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. अक्षरांची वाचनीयता हा त्यामुळे केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही.

शाखेत आणि घरी

ज्यांना ॲपवरील अक्षरे बारीक वाटतात, त्यांना भ्रमणध्वनी बदलण्याची गरज नाही. अँड्रॉइडवर बहुधा सेटिंग्जमधील 'डिस्प्ले' विभागात अक्षरांचे आकारमान वाढविता येते, आणि 'ॲक्सेसिबिलिटी' विभागात हालचाल बंद करता येते. आयफोनवर 'ॲक्सेसिबिलिटी' मध्येच मोठ्या अक्षरांची व कमी हालचालीची अशा दोन्ही सोयी आहेत. शाखेतील कर्मचाऱ्याने ज्येष्ठ खातेदारास ॲप सुरू करून देताना ही दोन मिनिटांची जुळणी करून दिली, तर पुढील अनेक खेपा वाचतात.

ॲपची चाचणी घेणाऱ्यांनीही काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. अक्षरे सर्वांत मोठी ठेवून नऊ अंकी रक्कम लिहून पाहावी. शब्द सरकत असतानाच पुन्हा बोट लावून पाहावे. अँड्रॉइडमधील विकासकांसाठीच्या पर्यायांत हालचालीचा वेग दहापट मंद करण्याची सोय आहे. तो मंद केला की एरवी न दिसणारी थरथर, तुटलेली शिरोरेषा आणि कापलेला रफार स्पष्ट दिसू लागतात. आणि ही सारी पारखणी साध्या, स्वस्त भ्रमणध्वनीवर करावी, कारण बहुसंख्य ग्राहकांच्या हाती तोच असतो.

पूर्वी शाखेत पासबुकावरील नोंद दाखविताना रोखपाल रकमेखाली बोट ठेवीत आणि खातेदाराची नजर त्या आकड्यावर स्थिरावेपर्यंत ते उचलीत नसत. पडद्यावर अलगद लहानमोठी होणारी अक्षरे त्याच बोटाचे काम करतात.